टायगर मॉथ स्पिनमध्ये जात नाही, गेलं तर बाहेर येत नाही: जेएसबीसिममध्ये नेमकं कुठे बघायचं

फ्लाइट सिम्युलेटरसाठी टायगर मॉथ या जुन्या, दुहेरी पंखांच्या (बायप्लेन) शिकाऊ विमानाचं मॉडेल करायला घेतलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात माणूस हमखास इथे येऊन अडकतो. विमान उडतंय, वळतंय, लँडिंगही बरं होतंय, मग तो चार हजार फुटांवर जातो, थ्रॉटल बंद करतो, स्टिक पोटाशी ओढून धरतो आणि स्टॉल आला, म्हणजे पंखांची लिफ्ट (विमान उचलून धरणारं बळ) कोसळली, असं वाटताच एका बाजूचा रडर (शेपटीवरचं उभं सुकाणू, ते पायानं चालतं) पूर्ण दाबतो, आणि विमान काय करतं तर नाक खाली टाकून निवांत गोल गोल वळत खाली येतं, वेग ६०, ७०, ९० मैल असा चढत जातो. हा स्पिन नाही, स्पिन म्हणजे स्टॉल झालेल्या अवस्थेतच भिंगरीसारखं फिरत खाली येणं; ही स्पायरल डाइव्ह आहे, नुसतं वळत वळत सूर मारणं. मग रडरची ताकद दुप्पट केली जाते, तरी होत नाही म्हणून तिप्पट, आणि एकदाचं विमान फिरायला लागतं, पण आता ते थांबतच नाही, उलटा रडर द्या, स्टिक पुढे ढकला, काहीही करा, जमिनीत जाईपर्यंत भिंगरी चालूच. मग रडर परत कमी, की परत स्पायरल. मी स्वतः हे चक्र तीनदा फिरलोय, दर वेळी वाटलं सुटलं आणि दर वेळी महिन्याभरात दुसरीकडून तेच दुखणं वर आलं, म्हणून आता जे खरोखर लागू पडलं ते सगळं एका जागी लिहून ठेवतोय.

मी फ्लाइटगिअर या सिम्युलेटरमध्ये जेएसबीसिम हे उड्डाणाचं गणित करणारं सॉफ्टवेअर वापरतो, त्यामुळे फाइलीतली नावं तिथली येतील. दुसरं सिम्युलेटर असेल तर रकाने वेगळे असतील पण हवा तीच आहे, कारणं तीच लागू होतात. आणि मॉडेल म्हणजे डी हॅविलंड डीएच ८२ए, १३० हॉर्सपॉवरचं जिप्सी मेजर, स्पॅन २९ फूट ४ इंच, पंखांचं क्षेत्रफळ २३९ चौरस फूट, रिकामं वजन १११५ पौंड आणि जास्तीत जास्त १८२५ पौंड. हे आकडे आधी नीट भरलेले असू देत.

कोणी विचारेल, स्पिनसाठी एवढा अट्टहास कशाला? टायगर मॉथ २६ ऑक्टोबर १९३१ ला लंडनजवळच्या स्टॅग लेनवरून पहिल्यांदा उडालं आणि त्यानंतर आठ हजारांच्या वर विमानं बनली, ती बहुतेक सगळी शिकवण्यासाठीच. लूप, स्लो रोल, स्टॉल टर्न, स्पिन, हा त्या विमानाचा अभ्यासक्रमच होता, रॉयल एअर फोर्सची पोरं सोलो जायच्या आधी स्पिनमधून बाहेर यायला शिकायची. आपल्या हवाई दलाच्या पायलटांच्या एका अख्ख्या पिढीनं पहिली स्टिक याच विमानाची धरली, आणि २०१२ च्या हवाई दल दिनाला हिंडनवर विंटेज ताफ्यातलं टायगर मॉथ उडताना बघून पुष्कळांच्या डोळ्यात पाणी आलं असेल. अशा विमानाचं मॉडेल स्पिनच करत नसेल तर ते नुसतं चित्र झालं.

आधी रोग नक्की करा. नुसतं खिडकीतून बघून ठरवू नका, जग फिरताना दिसलं की सगळ्यांना स्पिनच वाटतो. वेगाचा काटा बघा. खऱ्या स्पिनमध्ये वेग खाली कुठेतरी अडकून राहतो आणि थोडा वर-खाली होत राहतो, स्पायरलमध्ये तो चढतच जातो. दुसरं म्हणजे लॉग काढा, अल्फा (पंखाला हवा खालून किती कोनात लागते), बीटा (बाजूनं किती कोनात लागते), रोल रेट (पंख खाली-वर कलण्याचा वेग), यॉ रेट (नाक डावी-उजवीकडे फिरण्याचा वेग) आणि वेग एवढे पाच रकाने पुरे, सेकंदाला वीस नोंदी. अल्फा स्टॉलच्या वर टिकून आहे आणि रोल-यॉ एकाच दिशेला चालू आहेत तर स्पिन. अल्फा दोन सेकंदांत दहा-बारा अंशांवर परत आला तर विमान स्टॉलमधून केव्हाच बाहेर पडलेलं असतं आणि तुम्ही नुसते वळत असता. माझ्या पहिल्या लॉगमध्ये अल्फा २४ अंशांपर्यंत गेला आणि दीड सेकंदात ९ वर आला होता. तिथेच कळायला हवं होतं की रडरचा यात काही संबंध नाही.

आता टेबलांना हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासा, कारण त्या चुकलेल्या असतील तर पुढचं सगळं चुकीच्या पायावर उभं राहतं.

पहिली, प्रोपेलरची दिशा. ही मला एका आजोबांमुळे सापडली. आमच्या बिल्डिंगमध्ये राहतात, पन्नासच्या दशकात फ्लाइंग क्लबात टायगर मॉथवर शिकलेले, हौसेनं बघायला आले होते. मी टेकऑफ करत होतो, ते शेजारी खुर्चीत बसले होते, आणि मी थ्रॉटल पुढे नेताच त्यांची डावी चप्पल फरशीवर घट्ट रोवली गेली, गुडघा ताठ झाला, पाय आपोआप दाबला गेला. आणि स्क्रीनवर विमान डावीकडेच चाललं होतं, मी उजवा रडर देत होतो. ते म्हणाले, "अरे, हे उलट ओढतंय. इथे डावा पाय लागतो." साठ-पासष्ट वर्षांनी पायाला लक्षात होतं. कारण साधं आहे, जिप्सी मेजर कॉकपिटमधून बघितलं तर घड्याळाच्या उलट फिरतं, बहुतेक अमेरिकन इंजिनं घड्याळाप्रमाणे फिरतात आणि आपल्या तयार फाइली सगळ्या त्याच समजुतीवर बनलेल्या असतात. टायगर मॉथ टेकऑफला उजवीकडे ओढतं आणि डावा रडर मागतं.

दुरुस्ती एका ओळीची आहे, विमानाच्या मुख्य फाइलीत थ्रस्टरच्या भागात सेन्स नावाची ओळ असते, तिथे १ च्या जागी उणे १ करा. ओळच नसेल तर घाला, ती नसली की १ धरलं जातं. एक सांगून ठेवतो, काही जण सेन्स तसाच ठेवून पी-फॅक्टर (प्रोपेलरची ओढ एका बाजूला जास्त होण्याचा आकडा) उणे करायला जातात, तसं करू नका, तो धनच लागतो, दिशा सेन्सवरून आपोआप घेतली जाते. आणि सेन्स बदलला की टॉर्क, पी-फॅक्टर, जायरोस्कोपचा परिणाम हे सगळं एकत्र उलटतं, म्हणून जुन्या चुकीची भरपाई करायला तुम्ही कुठे रडर ट्रिममध्ये किंवा यॉमध्ये एखादा आकडा चिकटवला असेल तर तो शोधून काढून टाका. माझ्या फाइलीत असे दोन होते.

दुसरी गोष्ट कॉर्ड, म्हणजे पंखाची पुढून मागे रुंदी. बायप्लेन करणाऱ्यांचा हा हमखास खड्डा आहे. एरोमॅटिक या सुरुवातीची फाइल बनवून देणाऱ्या प्रोग्रॅमला तुम्ही स्पॅन आणि क्षेत्रफळ देता, कॉर्ड तो भागाकार करून काढतो, २३९ भागिले २९.३३ म्हणजे ८.१ फूट. पण क्षेत्रफळ दोन पंखांचं आहे आणि स्पॅन एकाचा! खऱ्या टायगर मॉथची कॉर्ड सव्वाचार फुटांच्या आसपास आहे. पिचचे, म्हणजे नाक वर-खाली फिरवणारे, सगळे मोमेंट या कॉर्डनं गुणले जातात, त्यामुळे विमान पिचमध्ये नको तेवढं ताठ होतं आणि नाक वर धरून ठेवणं अवघड जातं. कॉर्ड हातानं दुरुस्त करा आणि मग एलिव्हेटरचा (शेपटीवरच्या, स्टिकनं हलणाऱ्या आडव्या भागाचा) जोर परत जुळवा, नाहीतर आता स्टिक मऊ लागेल. क्षेत्रफळाला मात्र हात लावू नका, ते बरोबर आहे.

आता मूळ दुखणं.

स्पिन का होतो ते डोळ्यांसमोर आणा. विमान स्टॉलच्या अलीकडे असताना उजवीकडे रोल झालं तर उजवा पंख खाली जातो, खाली जाताना त्याला हवा जास्त खालून लागते, त्याचा अल्फा वाढतो, लिफ्ट वाढते आणि तो परत वर ढकलला जातो. हे रोल डॅम्पिंग. स्टॉलच्या पलीकडे नेमकं उलट होतं, खाली जाणाऱ्या पंखाचा अल्फा वाढला की तो आणखी स्टॉल होतो, लिफ्ट कमी होते, तो आणखी खाली जातो, वर जाणारा पंख स्टॉलमधून बाहेर येतो आणि त्याची लिफ्ट वाढते. म्हणजे जे डॅम्पिंग आत्तापर्यंत रोलला अडवत होतं तेच आता रोलला ढकलायला लागतं. हे ऑटोरोटेशन, आणि स्पिनचं इंजिन हेच आहे. रडर फक्त किल्ली फिरवतो.

आता तुमची फाइल उघडा आणि रोलच्या भागात डॅम्पिंगची ओळ बघा. तिथे उणे ०.४ किंवा तसाच एक स्थिर आकडा असेल. अल्फा पाच अंश असो की पन्नास, उणे ०.४ म्हणजे उणे ०.४. या मॉडेलमध्ये ऑटोरोटेशन होणं शक्यच नाही, रडर दहापट केला तरी नाही! त्याच्या जोडीला लिफ्टचं टेबल बघा, माझ्या फाइलीत ते ०.६० रेडियनला, म्हणजे ३४ अंशांना संपत होतं, आणि टेबल संपलं की जेएसबीसिम शेवटचा आकडाच पुढे धरून चालतो, म्हणजे ९० अंशाला विमान पाटासारखं आडवं खाली पडत असलं तरी त्याला ०.७१ लिफ्ट मिळत होती. आणि तिसरं, पिचचा अल्फावरचा मोमेंट सरळ रेषेत होता, अल्फा जेवढा वाढेल तेवढा नाक खाली दाबण्याचा जोर वाढत जाणार, त्याला अंत नाही, म्हणून स्टॉल झाल्या झाल्या नाक खाली आपटायचं आणि स्पायरल सुरू व्हायची.

म्हणून पहिलं काम, टेबलं उणे ९० ते अधिक ९० अंशांपर्यंत न्यायची. माझी लिफ्टची सध्याची टेबल अशी आहे, ही मी लॉग बघत बघत जुळवलेली आहे, कुठल्या विंड टनेलमधली नाही: अल्फा ० ला ०.३०, ०.२६ रेडियनला १.३५, ०.३५ ला १.००, ०.५२ ला ०.८५, ०.७९ ला ०.८०, आणि १.५७ ला शून्य. ड्रॅग (हवेचा अडथळा) त्याच ठिकाणी ०.२६ ला ०.२०, ०.३५ ला ०.४०, ०.५२ ला ०.६०, ०.७९ ला ०.९५, १.५७ ला १.३०. उणे बाजूला असंच पण कमाल लिफ्ट थोडी कमी. पिचचा मोमेंट स्टॉलपर्यंत सरळ ठेवा आणि त्यापुढे चपटा होऊ द्या, इतका की स्टिक पूर्ण मागे असताना अल्फा ३०-३५ अंशांवर टिकून राहील.

दुसरं काम, रोल डॅम्पिंगचा तो स्थिर आकडा काढून टाकून दोन पंख वेगवेगळे मोजायचे. डॅम्पिंगचं अल्फावरचं टेबल करून स्टॉलनंतर चिन्ह बदललं तरी स्पिन येतो, झटपट हवा असेल तर तसं करा, पण दर वेळी ते आकडे हातानं जुळवत बसावं लागतं आणि माझं दुखणं परत परत यायचं एक कारण तेच होतं. दोन पंखांची पद्धत जास्त खरी आहे. रोल रेटला स्पॅननं गुणायचं आणि वेगाच्या दुपटीनं भागायचं, ही झाली पंखाच्या टोकाला अल्फात पडणारी भर, अर्धा स्पॅन भागिले वेग हा हिशोब जेएसबीसिम बीआयटूव्हेल या प्रॉपर्टीत तयार देतो, तुम्ही फक्त रोल रेटनं गुणायचं. त्याच्या निम्मं घ्या, कारण पंखाचा मध्य टोकाच्या निम्म्यावर आहे. ही संख्या उजव्या पंखाच्या अल्फात मिळवा, डाव्याच्या अल्फातून वजा करा, दोन्हींसाठी टेबलमधून आकडे काढा, डाव्यातून उजवा वजा करा, आणि तो फरक डायनॅमिक प्रेशर (वेगामुळे येणारा हवेचा दाब), क्षेत्रफळ, स्पॅन आणि एका गुणकानं गुणून रोलमध्ये टाका. हिशोबानं गुणक ०.१२५ येतो, पण टोकाकडे लिफ्ट गळते म्हणून मी ०.१ ठेवलाय, आणि गंमत म्हणजे, वरच्या टेबलचा स्टॉलआधीचा चढ ४ च्या आसपास आहे, त्याला ०.१ नं गुणलं की साध्या उड्डाणात डॅम्पिंग बरोबर जुनं उणे ०.४ मिळतं. म्हणजे नेहमीचं उडणं बिघडत नाही.

हा फरक किती मोठा असतो ते बघा. ६५ मैलांचा वेग म्हणजे सेकंदाला ९५ फूट, रोल रेट सेकंदाला २ रेडियन धरा, तर टोकाला ०.३१ रेडियन, जवळजवळ १८ अंश, आणि मध्यावर ९. विमानाचा अल्फा ३० असेल तर एक पंख ३९ अंशांवर आहे आणि दुसरा २१ वर. एकाच विमानाचे दोन पंख दोन वेगळ्या जगात. जमिनीवर वेग शून्याजवळ असताना ही भागाकाराची भानगड उधळते, म्हणून भर कमाल ०.६ रेडियनवर अडवा, नाहीतर पार्किंगमध्ये विमान उगाच थरथरतं.

एवढं केलं आणि माझं विमान पहिल्यांदा खरंखुरं स्पिनमध्ये गेलं. वेग अडकला, अल्फा चढला, रोल आणि यॉ एका दिशेला. आणि ते बाहेर आलं नाही! तिसऱ्या फेऱ्यानंतर अल्फा ५० च्या वर गेला आणि फिरण्याचा वेग वाढतच चालला.

इथे मी पंधरा दिवस घालवले, तुम्ही घालवू नका. चूक ही होती की रोलसाठी मी फक्त लिफ्ट वापरत होतो. लिफ्ट ४५ अंशांनंतर ९० पर्यंत उतरतच जाते, म्हणजे त्या हिशोबात खाली जाणाऱ्या पंखाची लिफ्ट कायम कमीच होत राहणार आणि ऑटोरोटेशन कधीच संपणार नाही. पण विमान रोल होतं ते स्वतःच्या अक्षाभोवती, आणि त्या अक्षाला पंखावर लंब असलेलं बळ लागू पडतं, नुसती लिफ्ट नाही. ते बळ म्हणजे लिफ्ट गुणिले अल्फाचा कोसाइन अधिक ड्रॅग गुणिले अल्फाचा साइन. वरच्याच आकड्यांनी काढून बघा: ०.२६ रेडियनला १.३६ येतं, ०.३५ ला १.०८, ०.५२ ला १.०४, आणि मग ०.७९ ला १.२४, शेवटी १.३०. म्हणजे ते उतरतं फक्त १५ ते ३० अंशांच्या दरम्यान, त्यानंतर परत चढतं, आणि चढलं की डॅम्पिंग परत रोलला अडवायला लागतं. खरा स्पिन स्वतःहून एका वेगावर स्थिर होतो तो यामुळे. लिफ्टच्या टेबलच्या जागी या लंब बळाचं टेबल लावलं आणि पुढच्याच उड्डाणात फिरण्याचा वेग चौथ्या फेऱ्यापासून जवळपास कायम राहिला.

यॉसाठी हीच युक्ती, फक्त पंखाच्या समांतर मागे ओढणारं बळ घ्यायचं, ड्रॅग गुणिले कोसाइन वजा लिफ्ट गुणिले साइन. खाली गेलेल्या पंखाचं हे बळ जास्त असतं, तो मागे राहतो, विमान त्याच्याकडे वळतं. आता रडर परत मूळ किमतीवर आणा. आणा म्हणजे आणाच, ही पायरी विसरली की महिन्याभरानं "हलक्या रडरनं विमान का उधळतं" म्हणून परत शोधाशोध सुरू होते.

आता शेपटी. स्पिनमध्ये हवा खालून येते आणि टेलप्लेनची (शेपटीच्या आडव्या पंखाची) सावली रडरवर पडते, म्हणून रडरचा जोर अल्फाप्रमाणे कमी करा, पण शून्य नको. मी २० अंशांपर्यंत पूर्ण, ४५ ला निम्मा ठेवलाय. एलिव्हेटर खाली गेला की ही सावली आणखी वाढते, आणि म्हणूनच शिकवताना क्रम असा सांगतात की आधी थ्रॉटल बंद, मग पूर्ण उलटा रडर, क्षणभर थांबा, आणि मग स्टिक पुढे, फिरणं थांबलं की रडर मध्यावर. मॉडेलमध्ये स्टिक पुढे असताना रडर आणखी वीस टक्के कमी केला तर क्रम चुकवणाऱ्याला त्रास होतो आणि बरोबर करणाऱ्याला होत नाही. हे मला मनापासून आवडतं, कारण विमान स्वतःच शिकवायला लागतं.

स्ट्रेक्सचंही ठरवून टाका. युद्धात टायगर मॉथला स्पिनमधून बाहेर यायला त्रास होतोय अशा तक्रारी आल्यावर ब्रिटनमध्ये चाचण्या झाल्या आणि टेलप्लेनच्या पुढे फ्यूजलाजवर दोन्ही बाजूंना लांबट पट्ट्या, म्हणजेच स्ट्रेक्स, बसवल्या गेल्या, मॉडिफिकेशन ११२ म्हणतात ते हेच. तुमच्या थ्रीडी मॉडेलवर त्या पट्ट्या आहेत का बघा. असतील तर मोठ्या अल्फाला यॉ डॅम्पिंग थोडं वाढवा, नसतील तर वाढवू नका. एक विमान दिसायला स्ट्रेक्सवालं आणि वागायला बिनस्ट्रेक्सचं, हे बरं नाही.

स्लॅट्सची गोष्ट पण स्पिनशी जोडलेली आहे. वरच्या पंखाच्या पुढच्या कडेला आपोआप उघडणारे, स्टॉल लांबवणारे स्लॅट असतात आणि कॉकपिटमधल्या लिव्हरनं ते लॉक करता येतात, कसरतींच्या आधी ते लॉक करायचे असतात. तुम्ही लिफ्टची कमाल स्लॅट उघडे धरून भरली असेल तर स्टॉल उशिरा येतो आणि स्पिन अळणी होतो. दोन टेबलं ठेवा, लिव्हरवर बदलणारी. स्लॅट नसलेली विमानंही पुष्कळ आहेत, तुमचं तसं असेल तर एकच पुरे.

आणि वजनाची जागा. सोलो पायलट मागच्या कॉकपिटमध्ये बसतो, पुढचं कॉकपिट पंखांखाली सीजीच्या (गुरुत्वमध्याच्या) जवळ असतं म्हणून तिथे कोणी असो-नसो फार फरक पडत नाही. पॉइंट मास (पायलटसारखी सुटी वजनं) टाकताना लक्षात घ्या की रचनेच्या मोजमापात एक्स मागच्या दिशेला वाढतो आणि आकडे इंचांत असतात, फुटांत भरलेला पायलट मी स्वतः पाहिलाय, तो इंजिनवर बसला होता, आणि त्या विमानाला काही केल्या स्टॉलच येत नव्हता. उलट सीजी फार मागे गेला तर स्पिन चपटा होतो. १९ गॅलनची टाकी वरच्या पंखाच्या मधल्या भागात आहे, तिची उंचीही नीट भरा, ती वर असल्यामुळे रोलच्या हालचालीत फरक कळतो.

एलेरॉनबद्दल (पंखाच्या मागच्या कडेचे, विमान कलवणारे भाग) थोडक्यात, ते फक्त खालच्या पंखांना आहेत आणि जोडणी अशी आहे की वर जाणारा भरपूर वर जातो, खाली जाणारा जेमतेम खाली जातो आणि शेवटाकडे परत मध्याजवळ येतो. दोन्ही बाजूंना सारखा कोन ठेवलात तर खाली जाणाऱ्या एलेरॉनमुळे तो पंख आधी स्टॉल होतो आणि स्पिनची दिशा भलतीच लागते. डावं-उजवं वेगळं करून टेबलनं चालवा.

यानंतर मी चार टेस्ट करतो आणि चारही दर बदलानंतर करतो, एकही गाळत नाही. पाच हजार फुटांवरून डावा स्पिन तीन फेरे आणि रिकव्हरी, उजवा स्पिन तसाच, मग स्टॉल करून हात-पाय मध्यावर ठेवून नुसतं बघत राहायचं, आणि शेवटी ६० मैलांना साधं वळण घेऊन काही विचित्र होत नाही ना ते. तिसरी टेस्ट लोक करत नाहीत. हात मध्यावर ठेवूनही विमान स्पिनमध्ये जात असेल तर रोलचा गुणक जास्त झालाय.

आता शेवटचं दुखणं, हे स्पिनमधून येत नाही पण कसरती करायला लागलं की लगेच दिसतं. स्लो रोलमध्ये उलटं झाल्यावर इंजिन तसंच गुरगुरत राहतं. खऱ्या टायगर मॉथमध्ये पेट्रोल वरच्या टाकीतून नुसतं गुरुत्वाकर्षणानं खाली येतं आणि कार्ब्युरेटर फ्लोटचा आहे, त्यामुळे निगेटिव्ह जी आला, म्हणजे वजन उलट्या दिशेला लागलं, की इंजिन खोकून बंद पडतं, प्रोपेलर वाऱ्यावर फिरत राहतो, आणि विमान सरळ झालं की ते परत पेटतं. जेएसबीसिम हे आपणहून करत नाही. मी जी-लोडची प्रॉपर्टी घेऊन एक स्विच केलाय, लोड ०.१ च्या खाली गेला की मिक्श्चर (इंजिनला मिळणारं पेट्रोलचं प्रमाण) शून्याकडे, पण मध्ये साधारण एका सेकंदाचा लॅग, कारण कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये थोडं पेट्रोल उरलेलं असतं. लोडच्या दोन-तीन वेगवेगळ्या प्रॉपर्टी आहेत आणि काहींचं चिन्ह उलटं असतं, म्हणून आधी सरळ उडताना आकडा बघा, अधिक १ दिसायला हवा. उणे १ दिसला तर चिन्ह बदला, नाहीतर धावपट्टीवरच इंजिन बंद पडेल.

याला एकच अपवाद. नॉर्मन जोन्सनं १९५६ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेल्या टायगर क्लबनं काही टायगर मॉथ खास कसरतींसाठी बदलून घेतले, सुपर टायगर म्हणून, द बिशप, द आर्चबिशप अशी त्यांची नावं होती, एकाच पायलटचे, पुढचं कॉकपिट झाकलेले, आणि उलटं उडतानाही इंजिनला पेट्रोल पोचेल अशी व्यवस्था असलेले. तुम्ही त्यातलं एखादं करत असाल तर हा स्विच काढून टाका, टाकी वरच्या पंखातून पुढच्या कॉकपिटच्या जागी आणा, पुढच्या सीटचं वजन काढा, आणि सीजी नव्यानं मोजून वरच्या चारही टेस्ट पहिल्यापासून करा.